पडद्याच्या अलीकडून : रक्त थांबेना तेव्हा

ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाच्या छातीपाशी एक हिरवा पडदा लावतात. पडद्यापलीकडे सर्जन, अलीकडे आम्ही भूलवाले. मागच्या अंकात ‘रक्ताबद्दल काहीही विचारा’ असं लिहिलं, तर संपादकांनी दोन पिशव्या भरून पत्रं आणि ईमेलच्या प्रती पाठवल्या. बहुतेक मेडिकलच्या मुलामुलींच्या, थोड्या घरच्या माणसांच्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ‘परीक्षेत काय येईल’ असल्या प्रश्नांना मात्र उत्तर नाही, ते तुमच्या सीनियरना विचारा.

प्रश्न : मॅडम, रक्त गोठण्याचा तो इन्ट्रिन्सिक-एक्स्ट्रिन्सिक तक्ता मी दर परीक्षेआधी पाठ करते आणि नंतर आठवडाभरात विसरते. थिएटरमध्ये त्याचा खरंच उपयोग होतो का?
– दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, मिरज

विसरतेस यात नवल नाही. तो तक्ता अंगातल्या रक्तापेक्षा नळीत काढलेल्या रक्ताला जास्त लागू पडतो. १९६४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅट्नॉफ यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. रक्तात गोठण्याचे क्रमांक दिलेले घटक असतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. तक्त्यात एका घटकानं दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला; आणि रस्ते दोन, रक्ताच्या आतूनच सुरू होणारा इन्ट्रिन्सिक आणि बाहेरच्या जखमेपासून सुरू होणारा एक्स्ट्रिन्सिक. लॅबमधल्या तपासण्या समजून घ्यायला तो आजही चांगला आहे. पण नळीत रक्तवाहिनीची भिंत नसते, आणि खरी सुरुवात तिथूनच होते.

वाहिनी कापली की ती आधी आकसते. उघड्या पडलेल्या कोलॅजनला, म्हणजे भिंतीतल्या चिवट धाग्यांना, फॉन विलेब्रँड फॅक्टर या प्रथिनाच्या आधारानं प्लेटलेट (रक्तातल्या गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकटतात. भिंतीबाहेरच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर असतो, त्याला फॅक्टर सात भेटतो आणि थ्रॉम्बिन हे गोठवणारं एन्झाइम अगदी थोडं तयार होतं. हे थोडंसं थ्रॉम्बिन फार कामाचं. ते प्लेटलेटना चेतवतं. पाच, आठ आणि अकरा नंबरच्या फॅक्टरना कामाला लावतं. मग त्या चेतलेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बिनचा लोंढा येतो, फायब्रिनोजेनचं फायब्रिन होतं आणि तेरावा फॅक्टर त्याचे धागे एकमेकांना पक्के जोडतो. म्हणजे अंगात दोन वेगळे रस्ते नाहीत. टिश्यू फॅक्टर सुरुवात करून देतो, आठ-नऊची जोडी काम मोठं करते. हिमोफिलियाच्या, म्हणजे आठ किंवा नऊ नंबरचा फॅक्टर कमी असलेल्या, मुलाला खरचटलं तर ते थांबतं, पण सांध्यात रक्त साचत राहतं. सुरुवात होते, लोंढा येत नाही.

पीटी आणि एपीटीटी या नळीत रक्त किती सेकंदांत गोठतं ते मोजणाऱ्या दोन तपासण्या. पीटी लांबली की सात नंबरकडे बघ. त्याचं अर्धं आयुष्य सगळ्यात कमी, साधारण सहा तास. म्हणून व्हिटॅमिन के कमी पडलं, यकृत थकलं किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली की आधी पीटी बोलते. हिपॅरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) आणि हिमोफिलिया एपीटीटीत दिसतात. एवढं डोक्यात राहिलं तरी थिएटरपुरतं भागतं.

आणि जॉन हेगमन यांची गोष्ट लक्षात ठेव. अमेरिकेतले हे रेल्वे कामगार. ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्यांचं रक्त नळीत गोठायला फार वेळ लावत होतं. १९५५ मध्ये रॅट्नॉफ यांनी त्यांच्या रक्तात बारावा फॅक्टर नसल्याचं दाखवलं. पण या गृहस्थांना उभ्या आयुष्यात कधी जास्त रक्त गेलं नाही. १९६८ मध्ये पडून कंबरेचं हाड मोडलं आणि ते गेले, तेही फुप्फुसात गुठळी अडकून! रिपोर्ट म्हणत होता रक्त गोठत नाही, आणि माणूस गेला रक्त गोठून.

उलटंही घडतं. फॉन विलेब्रँड फॅक्टरच्या कमतरतेचा सौम्य आजार असलेल्या मुलीची पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. तिला विचारायला हवं, ‘दात काढलास तेव्हा रक्त किती वेळ चाललं? पाळीत रात्री उठून पॅड बदलावं लागतं का? बाळंतपणात रक्त चढवावं लागलं? घरात कुणाला असं होतं?’ आणि ‘रक्त पातळ करायची गोळी’ चालू आहे का, हे तर याच शब्दांत विचार. ‘अँटिप्लेटलेट’ म्हटलंस की रुग्ण ‘नाही’ म्हणणार, आणि ॲस्पिरिनची पट्टी निघणार उशाखालून. त्या गोळीचा परिणाम प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो.

लहान दवाखान्यांतून अजूनही बोटाला टोचून केलेला ‘बीटी-सीटी नॉर्मल’ (रक्त थांबायला आणि गोठायला लागलेला वेळ ठीक) हा कागद येतो. मी तो फाइलला लावते आणि प्रश्न पहिल्यापासून विचारते.

प्रश्न : ऑपरेशनमध्ये रक्त येऊ लागलं की आमचे सर विचारतात, ‘सर्जिकल आहे की ऊझ?’ मी अंदाजानं काहीतरी सांगतो. ओळखायचं कसं?
– सर्जरीचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, नागपूर

सर विचारतायत म्हणजे त्यांनाही दुसरं मत हवंय. थाप मारू नकोस.

सर्जिकल रक्ताला पत्ता असतो. दाबून धरलं की थांबतं, हात काढला की त्याच जागी भरतं. धमनी असेल तर लाल, उसळतं. शीर असेल तर काळपट, गुपचूप तळ भरून येतं. त्याला क्लॅम्प, टाका किंवा डायथर्मी (विजेच्या उष्णतेनं वाहिनी बंद करणं) लागते. प्लाझ्माच्या, म्हणजे फॅक्टर असलेल्या रक्तातल्या पिवळसर द्रवाच्या, दहा पिशव्यांनी धमनीचं तोंड बंद होत नाही. ऊझला पत्ता नसतो. सगळा कच्चा भाग पाझरतो, मॉप (रक्त टिपायचं कापड) उचलला की त्याखालून परत ओलं. त्याला टाके मारत बसलास तर टाक्याच्या भोकातूनही येतं.

आता आमच्या बाजूनं काय दिसतं ते सांगते, कारण ते तुमच्या खिडकीतून दिसत नाही. सलाइनच्या सुईभोवती चिकटपट्टीखाली लाल कडा येते. नाकातल्या नळीत गुलाबी पाणी, लघवीच्या पिशवीत लालसर रंग. सक्शनच्या बाटलीत आणि किडनी ट्रेमध्ये जमलेल्या रक्ताला गुठळी धरत नाही. ट्रे कलता केला की सरबतासारखं वाहतं. ही चिन्हं दिसली की मी पडद्यावरून सांगते, ‘सर, गुठळी होत नाहीये.’ चांगला सर्जन तेव्हा हात थांबवतो, पॅक भरून दाबून धरतो आणि मला वेळ देतो. दाबून धरायची पाच मिनिटं घड्याळ लावून मोजायची असतात. मनातली पाच मिनिटं दीडच असतात.

किती गेलं हे मोजायचं कसं? बाटलीतून धुण्याचं सलाइन वजा कर. मॉप तोलायचे, कोरड्या मॉपचं वजन वजा करायचं, एक ग्रॅमला एक मिली धरायचं. जमिनीवरचं आणि ड्रेपखालचं कुणीच धरत नाही, म्हणून अंदाज नेहमी कमी निघतो. आणि पुस्तकातले आकडे ७० किलोच्या पुरुषाचे असतात : १५ टक्के म्हणजे ७५० मिली, ३० टक्के म्हणजे दीड लिटर. आपल्याकडे टेबलावर येणारी बाई ४२ किलोची. किलोला ७० मिली धरलं तरी तिच्या अंगात तीन लिटरही रक्त नाही. तिचे ३० टक्के म्हणजे नऊशेच्याही आत. तुझ्या सक्शनच्या बाटलीत ते ‘फार नाही’ असं दिसतं.

आणखी एक चकवा, हिमोग्लोबिनचा. रक्त जातं ते अख्खं जातं, पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात. त्यामुळे पहिल्या तासात ११ असलेलं हिमोग्लोबिन ११च राहतं. आपण सलाइन ओतलं, अंगातलं पाणी वाहिन्यांत ओढलं गेलं, की मग ते उतरतं. तोवर नाडी बघ, हातपायांचा थंडपणा बघ, लघवी मोज. बीटा ब्लॉकरवर (नाडी मंद करणाऱ्या गोळीवर) असलेल्या म्हाताऱ्याची नाडी वाढणार नाही, आणि तरुण पोरगा शेवटपर्यंत बीपी टिकवून एकदम कोसळेल.

एक प्रसंग सांगते. कोकणातल्या एका छोट्या सरकारी रुग्णालयात रात्री सिझेरियन होतं. वार बाळाआधीच सुटलेली. बाळ निघालं, गर्भाशय हाताला घट्ट लागत होतं, म्हणजे सैल पडून रक्त जात नव्हतं. तरी पाझर थांबेना. लॅबवाला सकाळी येणार. मी शिरेतून दोन मिली रक्त काचेच्या छोट्या कोरड्या नळीत घेतलं आणि मुठीत धरून उभी राहिले. मूठ अशासाठी, की नळी अंगाइतकी ऊबदार राहावी. चार मिनिटांनी कलती केली, मग दर मिनिटाला. सात मिनिटं झाली तरी पातळच. सात मिनिटांत गुठळी धरली नाही, किंवा धरून लगेच विरघळली, तर गोठण्याची यंत्रणा बसली असं समजायचं. जिल्ह्याच्या रक्तपेढीतून क्रायो (प्लाझ्मातून वेगळा काढलेला दाट भाग), प्लाझ्मा आणि रक्त मागवलं, वॉर्डचे मामा गाडी घेऊन गेले. तोवर सर्जन दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून उभे, आणि मी तिच्या अंगावर मिळतील तेवढी पांघरुणं घातली. क्रायो उतरल्यावर तासाभरानं ट्रेमध्ये पहिली गुठळी दिसली. सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, धरलं बघा.’ बाई दहाव्या दिवशी बाळ घेऊन घरी गेली.

क्रायो का? कारण रक्तस्रावात आधी संपतं ते फायब्रिनोजेन, आणि क्रायोत ते दाटून असतं. इथे लॅबचा कागद फसवतो. त्यावर नॉर्मल २०० ते ४०० छापलेलं असतं. पण दिवस भरलेल्या बाईचं फायब्रिनोजेन ४०० ते ६०० असतं. रक्त जाणाऱ्या बाळंतिणीचा २०० रिपोर्ट आला आणि कुणी ‘नॉर्मल आहे’ म्हणालं, तर कागद बाजूला ठेव आणि क्रायो माग.

पांघरुणं का, तेही सांगते. अंग ३४ अंशांखाली गेलं की प्लेटलेट आणि फॅक्टर दोन्ही आळसावतात. लॅब तर नमुना ३७ अंशांवर गरम करून तपासते. म्हणजे टेबलावर माणूस गारठून पाझरतोय आणि रिपोर्ट छान! थिएटरचा एसी सर्जनच्या घामासाठी असतो हे मला मान्य, पण रक्त जाऊ लागलं की मी तो बंद करते, आणि त्यावर वाद घालत नाही.

भराभर रक्त दिलं तर कॅल्शियमही द्यावं लागतं. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं, ते रुग्णाचं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी चालत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचंही बऱ्याच जणांनी विचारलंय. ते गुठळी बनवत नाही, बनलेली विरघळू देत नाही. २०१० मध्ये आलेल्या क्रॅश-२ या चाचणीत २० हजारांवर जखमींचा अभ्यास झाला. त्यातला डोस असा : एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात. तीन तासांनंतर फायदा नाही, उलट नुकसानीची शक्यता. २०१७ च्या बाळंतिणींच्या मोठ्या चाचणीतही तीन तासांचीच अट पुढे आली. म्हणून ‘बघू, थांबतंय का’ म्हणत ते कपाटात ठेवू नये.

आणि ऑपरेशन संपलं म्हणून घरी पळू नकोस. भूल उतरते, दुखतं, खोकला येतो, बीपी वर चढतं आणि संध्याकाळी बांधलेली गाठ रात्री सुटते. पहिल्या २४ तासांतला हा रक्तस्राव ड्रेनमध्ये (आतलं रक्त-पाणी बाहेर आणणाऱ्या नळीत) दिसेलच असं नाही, ड्रेन गुठळीनं तुंबतो. पोट फुगलंय, नाडी ९०वरून १२० झालीय, रुग्ण उगाच चिडचिड करतोय, पाणी मागतोय : ही चिडचिड झोपेचं इंजेक्शन देऊन घालवायची नसते.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात इंटर्न आहे. फुरसं चावलेला माणूस आला. हिरड्यांतून रक्त येत होतं, आयएनआर (पीटीवरून काढलेला आकडा) मशीनला मोजता आलं नाही. मी आधी प्लाझ्मा मागवला तर सर खूप रागावले. रक्त गोठत नसेल तर प्लाझ्मा देणं चूक कसं?
– इंटर्न, रत्नागिरी जिल्हा

सर रागावले ते सोड, कारण समजून घे. फुरशाचं विष प्रोथ्रॉम्बिनला सरळ चेतवतं. घोणशीचं विष दहाव्या आणि पाचव्या फॅक्टरला. म्हणजे रक्त गोठत नाही ते गोठण्याचा माल संपल्यामुळे, आणि माल संपला तो अंगभर बारीक बारीक गोठत राहिल्यामुळे. विष अंगात असताना प्लाझ्मा देणं म्हणजे विस्तवात सरपण घालणं. आधी विस्तव विझव. सर्पदंशाची लस, म्हणजे एएसव्ही, आधी. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. सुरुवातीला आठ ते दहा कुप्या, आणि लहान मुलालाही तेवढ्याच. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. जवळ ॲड्रिनॅलिन भरून ठेव, लसीची रिॲक्शन येऊ शकते.

विष निष्प्रभ झालं की यकृत साधारण सहा तासांत पुरेसं फायब्रिनोजेन बनवतं. म्हणून सहा तासांनी पुन्हा तपासायचं, आणि तरीही गोठत नसेल तर लसीचा पुढचा डोस. लस दिल्यावरही जिवावरचा रक्तस्राव चालू असेल तर प्लाझ्माचा विचार होतो, वरिष्ठांना विचारून. तोवर दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन नको, दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक नको, आणि जखमेवर ब्लेड तर नकोच.

तुझ्याकडे आयएनआरचं मशीन नसतं तरी चाललं असतं. दोन मिली रक्त, नवीन, स्वच्छ, कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं हात न लावता ठेवायची, मग एकदाच कलती करायची. वाहिलं तर विष आहे. नळी काचेचीच हवी. काचेचा पृष्ठभाग बारावा फॅक्टर चेतवतो, हेगमन यांच्यात नव्हता तोच. प्लास्टिकच्या बाटलीत ही तपासणी खोटी ठरते. साबणानं धुतलेल्या नळीतही गोठत नाही, आणि चांगल्या माणसाला उगाच लस जाते. रुग्णालयात काचेच्या नळ्या मिळत नाहीत ही तक्रार तुझ्यासारख्या अनेकांनी कळवलीय. वीस-पंचवीस नळ्यांचं खोकं स्वतः आणून अपघात विभागाच्या खणात ठेव, आणि त्यावर ‘धुवू नये’ असं मोठ्या अक्षरात लिही, नाहीतर मावशी मायेनं घासून ठेवतील.

प्रश्न : पत्नीचं गर्भाशय काढायचं ठरलं आहे. अंगावरून जाऊन हिमोग्लोबिन ८.६ झालं. आमचे घरचे डॉक्टर म्हणतात एक बाटली चढवा, ताकद येईल. सर्जन म्हणतात महिना थांबा, लोहाचं इंजेक्शन घ्या. रक्त लागलंच तर मी आणि मुलगा द्यायला तयार आहोत.
– निवृत्त शिक्षक, सातारा

सर्जनचं ऐका. ऑपरेशन तातडीचं नाही आणि वहिनींना धाप, छातीत दुखणं असं काही नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. एका पिशवीनं हिमोग्लोबिन जेमतेम एकानं वाढतं. लोहाचं इंजेक्शन तीन-चार आठवड्यांत त्याहून जास्त काम करतं, आणि दुसऱ्याच्या रक्ताची जोखीम नाही. सोबत अंगावरून जाणं थांबवायची औषधंही घ्यायला हवीत, ती त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. रक्त हे टॉनिक नव्हे. कॅनडात १९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. त्यात हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, दहाच्या वर ठेवलेल्यांइतकेच चांगले राहिले. हृदयविकार असेल, रक्त वाहतच असेल, तर हिशेब वेगळा.

तुमची तयारी मनापासून आहे हे कळतं. पण मुलाचं रक्त आईला देणं म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज उलटा आहे. जवळच्या नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशींना रुग्णाचं शरीर परकं मानत नाही; त्या आत तग धरतात आणि क्वचित रुग्णावरच उलटतात. तो आजार बहुधा जीव घेतो. म्हणून असं रक्त किरणोत्सर्गाची प्रक्रिया केल्याशिवाय देत नाहीत. तुम्ही दोघं रक्तदान जरूर करा, ते दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. (तुमचं वय ६५च्या आत असेल तरच. पत्रात लिहिलेलं नाहीत!)

प्रश्न : मुलाला डेंग्यू आहे. प्लेटलेट २८ हजार. डॉक्टर प्लेटलेट द्यायला तयार नाहीत. आम्ही व्हॉट्सॲपवर दाते जमवले आहेत.
– एक आई, ठाणे

अंक हाती येईपर्यंत तो बरा झाला असेल, पण पुढच्या आयांसाठी लिहिते. कुठूनही रक्त जात नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट देत नाहीत. डेंग्यूत प्लेटलेटच्या आकड्याइतकंच, किंबहुना जास्त, वाहिन्यांतून पाणी गळण्याकडे बघायचं असतं. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, गुंगी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं तर आकडा ६० हजार असला तरी धावा. पपईच्या पानांच्या रसावर विसंबू नका.

प्रश्न : रक्तपेढीवाले एवढ्या तेवढ्या कारणावरून नमुना परत पाठवतात. नाव बरोबर, वॉर्ड बरोबर, फक्त नोंदणी क्रमांकातला एक आकडा चुकला होता. रात्री दोन वाजता पुन्हा टोचावं लागलं. हा अतिरेक नाही का?
– इंटर्न, छत्रपती संभाजीनगर

नाही. पुन्हा टोच.

एबीओ गट चुकलेलं रक्त थोड्या मिलीमध्येही माणूस मारू शकतं, आणि गट चुकतो तो बहुतेक वेळा लेबलावर. एका वॉर्डात दोन शिंदे, दोन पवार असणं आपल्याकडे रोजचं. तू खाटेपाशी जाऊन ‘तुम्ही शिंदे ना?’ विचारतोस. अर्धवट झोपेतला गावाकडचा माणूस डॉक्टरांना ‘नाही’ कसं म्हणेल? तो मान हलवतो. म्हणून ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं. नळीवर लेबल खाटेपाशीच लावायचं, टेबलावर आणून नव्हे. पिशवी लावताना दोघांनी मिळून वाचायचं, एकानं मोठ्यानं. पहिली पंधरा मिनिटं हळू, आणि तिथे उभं राहायचं. कंबरेत दुखतंय, घाबरल्यासारखं होतंय, थंडी वाजतेय असं रुग्ण म्हणाला की पिशवी बंद, सलाइन चालू, आणि पिशवीसकट नमुना रक्तपेढीत. भूल दिलेला माणूस बोलत नाही. तिथे बीपी पडणं, लाल लघवी आणि अचानक सुरू झालेला पाझर एवढंच हाती असतं. वरच्या प्रश्नातल्या ऊझचं हेही एक कारण असतं, हे सर्जरीच्या मुलांनी वाचून ठेवावं.

‘ओ निगेटिव्ह तर सगळ्यांना चालतं’ असंही तू लिहिलंयस. सगळ्यांना नाही. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा प्रकार नोंदवला, ज्याला जग आज बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. लाल पेशींवरच्या ए आणि बी या खुणा (अँटिजन) ज्या पायावर चढतात तो एच अँटिजनच या लोकांत नसतो. वरवरच्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो. पण त्यांच्या प्लाझ्मात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि ओच्या पेशींवर एच खच्चून भरलेला. ओ दिलं की घात. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एक माणूस असा निघतो, म्हणजे तुझ्या नोकरीच्या काळात एखादा भेटू शकतो. रक्तपेढीतली उलटी तपासणी (रुग्णाच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं बघणं) आणि क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघणं) यांत तो सापडतो. ‘घाई आहे, क्रॉसमॅच सोडा’ हे वाक्य खरोखर मरणाच्या दारातल्या रुग्णासाठीच वापर.

पिशवी वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस. तिथे लसीशेजारी डबे असतात आणि तापमान कुणी बघत नाही. गरम पाण्याच्या तसराळ्यातही नको, पेशी फुटतात. पेढीतून निघाल्यापासून अर्ध्या तासात लाव, चार तासांत संपव. सोबत फक्त नॉर्मल सलाइन. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, नळीत गुठळ्या होतात. डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुटतात. रिॲक्शन आली तर ती लपवू नकोस. २०१२च्या डिसेंबरपासून देशात हिमोव्हिजिलन्सची, म्हणजे रक्त चढवल्यावरच्या रिॲक्शनची, नोंद चालते, पेढीतून फॉर्म मिळतो.

प्रश्न : कॉलेजच्या शिबिरात मला रक्तदान करू दिलं नाही. वजन ४७, हिमोग्लोबिन १२.१. डॉक्टर होणार आणि रक्त देता येत नाही, याचं वाईट वाटतं.
– पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, नांदेड

वजन चालतं, ३५० मिलीसाठी ४५ किलो पुरतात. हिमोग्लोबिन मात्र १२.५ लागतं, आणि तुझ्यासाठी कुणी ते खाली आणणार नाही. परत पाठवणाऱ्या तंत्रज्ञाचे आभार मान. पैसे घेऊन रक्त देणारे याच आकड्यांकडे काणाडोळा करायला लावत, म्हणून तर १ जानेवारी १९९८ पासून त्यांच्यावर बंदी आली.

आता तपासून घे. जंत, पाळी जास्त जाणं, मेसच्या जेवणात डाळ-पालेभाजी न खाणं, यातलं काय आहे ते शोध. लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने नेमानं घे, जेवणानंतर लगेचचा चहा सोड. तो लोह शोषू देत नाही. मग शिबिराची वाट न बघता सरळ रक्तपेढीत जा, आणि शक्यतो मेमध्ये जा. तेव्हा कॉलेजं बंद, शिबिरं थंड, लोक गावी गेलेले, आणि थॅलेसिमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागायचं ते लागतंच. दिल्यावर चार महिने पुन्हा देऊ नकोस, मुलींना अंतर तेवढं ठेवतात. मुलांना तीन. जाताना पोटभर खाऊन जा, उपाशी येऊन खुर्चीवरून घसरलेल्या भावी डॉक्टरांना मी पुष्कळ उचललंय.